झग्याचं वय

फादर इनास यांच्या झग्याचं वय जानेवारीत तीनशे वर्षांच्या आसपास होतं. ऑगस्टमध्ये ते नव्वद भरलं.

डुल्सिन रुमावनं यंत्राची काच पुसली आणि ते पुन्हा लावलं. बगलेजवळ नव्वद, छातीवरच्या वेलीपाशी साठ. खालच्या काठाशी तर यंत्रानं अकरा दाखवले. तिनं स्वतःच्या ओढणीवर यंत्र धरून पाहिलं. ओढणी चार वर्षांपूर्वीची होती आणि यंत्रानंही तीन ते पाच असंच सांगितलं. म्हणजे यंत्र ठीक होतं.

टॉर्चएवढं ते यंत्र गेल्या काही वर्षांतच आलं होतं. त्यामागचं तत्त्व मात्र जुनं. रेशीम म्हणजे प्रथिन आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. या आम्लांची दोन रूपं असतात, आपल्या डाव्या-उजव्या तळव्यांसारखी, दिसायला तीच पण एकमेकांवर न बसणारी. सजीव सृष्टी आपली प्रथिनं फक्त डाव्या रूपांनी बांधते. रेशमाचा किडाही तेच करतो. पण त्यानं धागा सोडला, की त्या दिवसापासून माळेतला एखादा मणी अगदी सावकाश डाव्याचा उजवा होऊ लागतो. शंभर वर्षांत थोडे, तीनशे वर्षांत बरेच. किती उजवे झाले ते मोजलं की धागा कधीचा ते कळतं. पूर्वी त्यासाठी धाग्याचा तुकडा विरघळवावा लागे. आता प्रकाश टाकून दुरूनच वाचता येतं. जुन्या कापडाच्या वाचनात दहा-वीस वर्षांची चूक होते, पण दोनशे वर्षांची होत नाही. आणि कापड म्हातारं होतं, तरुण होत नाही.

डुल्सिन खुर्चीत बसून राहिली. समोर काचपेटीत झगा आडवा ठेवला होता. मोतिया रेशीम, त्यावर कलाबतूनं, म्हणजे सोन्याच्या तारेनं, भरलेली डाळिंबांची वेल. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी धर्मगुरू सगळ्यांत वरून घालतात ते हे बिनबाह्यांचं वस्त्र. चांदेआगरात त्याला सगळे नुसतं झगाच म्हणत. जानेवारीपूर्वी त्याच्या घड्यांवर बोट टेकवलं तरी रेशमाची पूड निघायची. आता तो दुकानातून नुकताच आणल्यासारखा दिसत होता. लोक कौतुक करत होते. गेले सहा महिने तीही करत होती.

वसईच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात झग्याची हकिकत ठाऊक नाही असं माणूस नव्हतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, प्लेगच्या सालात एका रविवारी मिस्सा चालू असताना चर्चच्या दाराशी एक माणूस कोसळला. लोक मागे सरले. फादर इनास वेदीवरून तसेच त्या, तेव्हाही जुन्याच असलेल्या झग्यात खाली उतरले, त्याला खांद्यावर घेतलं आणि गावाबाहेरच्या झोपड्यांपर्यंत चालत गेले. त्या माणसाच्या तोंडातून आलेलं रक्त झग्याच्या डाव्या खांद्यावर सांडलं. तो माणूस संध्याकाळी वारला आणि त्याच आठवड्यात फादरही. प्लेगवाल्यांचे कपडे जाळायचा हुकूम होता, पण कुणीतरी झगा लपवून ठेवला.

तो माणूस म्हणजे मिंगेल. डुल्सिनच्या आईचा पणजोबा. प्लेगची प्रेतं चुना टाकून एकाच खड्ड्यात ढकलली, त्या जागी आता समुद्र आत आलाय. मिंगेलची कबर नाही, फोटो नाही, हाडूक नाही. होता तो एवढाच, तळहाताएवढा तपकिरी डाग. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावायला जाई, तेव्हा डुल्सिनची आई नातालबाय एक मेणबत्ती घेऊन झग्यासमोर उभी राही.

झगा वाचवायची वेळ आली तेव्हा डुल्सिननं वैजूला फोन करावा, यात काहीच नवल नव्हतं.

वैजयंती सोहोनी आणि ती वस्त्रजतन एकत्र शिकल्या. वैजूची आई लहानपणीच गेलेली. सुट्टीत वसतिगृह रिकामं झालं की ती पुण्याला वडिलांकडे जाण्याऐवजी चांदेआगरला यायची. नातालबायनं तिला फुगे, म्हणजे नाताळातले मैद्याचे गोड गोळे, तळायला शिकवलं, सुके बोंबील भाजायला शिकवलं. ती नातालबायला आयच म्हणे. पुढे डुल्सिन गावीच राहून चर्चच्या जुन्या शाळेत वस्त्रजतन केंद्र चालवू लागली आणि वैजू प्रथिनांच्या रसायनाकडे वळली. वीस वर्षांत दोघींनी एकमेकींपासून काही चोरून ठेवलं नव्हतं. निदान डुल्सिन तसं समजत होती.

वैजूनं एक द्रव तयार केला होता. त्यात दोन विकरं होती, म्हणजे प्रथिनांवर काम करणारी प्रथिनं. एक विकर रेशमाच्या माळेचं झिजलेलं टोक कापतं आणि दुसरं त्याच जागी नवे मणी ओवतं. शिंपी उसवलेली शिवण आधी नीट उलगडतो आणि मग पुन्हा घालतो, तसं. जुन्या धाग्याचाच साचा वापरायचा, म्हणून नवा भाग वीण, पीळ, जाडी सगळं तसंच घेतो. रंगही त्यावर पुन्हा बसतो.

"किती नवं होईल?" डुल्सिननं विचारलं होतं.

"जिथं तुटलंय तिथंच. सुमारे पाचवा हिस्सा. मग ते आपोआप थांबतं."

"आणि नाही थांबलं तर?"

"त्यासाठी उतारा आहे ना. एकदा फवारलास की विकरं मरतात."

परत उलटवता येणार नाही असं जुन्या कापडाला काही करायचं नाही, हा या विद्येतला पहिला धडा. तो दोघींनी एकाच बाकावर बसून घेतला होता. उतारा आहे म्हटल्यावर डुल्सिनची हरकत संपली.

गावाची सभा चर्चच्या मांडवात झाली. मुख्य धर्मगुरू फादर जॉसलिन मच्याडो चाळिशीचे, उत्साही. त्यांनी सगळ्यांना बोलू दिलं. शेवटी नातालबाय उठली.

"डाग राहील ना?" तिनं वैजूला विचारलं. "बाकी तुमचं शास्त्र तुम्ही बघा."

"आय, डागाला मी शिवणार नाही," वैजू म्हणाली. "त्याच्या कडेपर्यंतच लावू."

तरी लोक डुल्सिनकडे बघत राहिले. वैजू पाहुणी होती, डुल्सिन त्यांची. तेव्हा ती म्हणाली, "काही बिघडलंच, तर उलटवता येईल. मी शब्द देते."

त्या शब्दावर झगा मिळाला. त्याच दिवशी द्रव लावून झाल्यावर वैजू डुल्सिनच्या घरी जेवली. उताऱ्याची बाटली हाती देऊन आणि पेटीतली हवा जरा दमट ठेव, रेशीम मऊ राहील, असं सांगून ती पुण्याला गेली.

आता ऑगस्ट चालू होता आणि झगा नव्वद वर्षांचा झाला होता.

डुल्सिननं उताऱ्याची बाटली काढली आणि खालच्या काठावर फवारा मारला. चार दिवसांनी तिथलं वय अकरावरून सहावर आलं होतं. तिनं वैजूला फोन लावला.

"हवा दमट असेल," वैजू म्हणाली. "पुन्हा एकदा मार. जरा जास्त मार."

"वैजू, झगा सगळाच नवा होत चाललाय."

"यंत्राची चूक असेल. रंगामुळे होतं तसं. मी येऊन बघते पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात? तान्ह्या पोराला ताप आलाय म्हणावं आणि डॉक्टरनं पुढच्या महिन्यात बघू म्हणावं, तसं वाटलं डुल्सिनला. वैजू अशी कधीच नव्हती. कॉलेजात एका टाक्याबद्दल शंका आली तर ती जेवण टाकून धावत यायची.

डुल्सिननं पुन्हा फवारा मारला. काही झालं नाही. मग तिनं जे केलं ते करताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. मैत्रिणीच्या बाटलीतले थेंब तिनं केंद्रातल्या तपासणी यंत्रात घातले. विकरं मारायला प्रथिनं जखडणारं काहीतरी रसायन लागतं. ते कोणतं असेल याचा अंदाज तिला होता. यंत्रानं निकाल दिला तेव्हा तिनं बाटली बदलली की काय ते तपासलं. बाटली तीच होती, झाकणावर वैजूच्या अक्षरात "उतारा" लिहिलेलं.

आत पाणी होतं, थोडं मीठ आणि ग्लिसरीन. बाकी काही नाही.

*

पुण्याला वैजूची प्रयोगशाळा टेकडीच्या पायथ्याशी होती. डुल्सिन न कळवता गेली. वैजू तिला बघून उभी राहिली आणि लगेच हसली नाही. त्यावरूनच डुल्सिनला कळलं, की विचारायचं काही उरलेलं नाही. तरी तिनं विचारलं.

"बाटलीत मिठाचं पाणी का होतं?"

वैजूनं दार लावून घेतलं. "बस."

"मी उभी आहे."

"उतारा नाहीये, डुल्सी. कधीच नव्हता. विकर मारता येतं, पण त्यासाठी लागतं ते रसायन जुनं रेशीमही सडवतं. उष्णता दिली तर कापड तडकतं. मी दीड वर्ष धडपडले."

"आणि थांबत का नाही ते?"

"कारण झिजलेलं कुठं संपतं आणि चांगलं कुठं सुरू होतं, हे त्याला कळत नाही." वैजू आता शांतपणे बोलत होती, वर्गात शिकवावं तसं. "तीनशे वर्षांच्या धाग्यात पूर्ण धड असं काही नसतंच. त्याच्या लेखी सगळंच झिजलेलं. ते कापत जातं, ओवत जातं. हवा कोरडी असेल तर मंदावतं. दमट असेल तर धावतं."

"दमट ठेव, असं तूच सांगितलंस मला."

वैजू कपाटाकडे वळली.

"तुला हे आधीपासून माहीत होतं?"

वैजूनं कपाटातून एक शालू काढून टेबलावर ठेवला. डाळिंबी रंगाचा. डुल्सिननं तो ओळखला. वैजूच्या आईचा, तिच्याकडे असलेली आईची एकच गोष्ट. वसतिगृहात ती कधीकधी तो उशाशी घेऊन झोपायची.

"आधी हा केला," वैजू म्हणाली. "तेव्हा मला खरंच वाटलं होतं की ते थांबेल. थांबलं नाही. सगळा गेला. लाव तुझं यंत्र, दीड वर्षाचा आहे. आईच्या अंगाचा वास होता त्याला. तोही गेला."

डुल्सिनला क्षणभर तिच्याजवळ जावंसं वाटलं. इतकी वर्षं ती तशीच जात आली होती. मग तिच्या लक्षात आलं की हे सगळं जानेवारीच्या आधी घडलं होतं.

"म्हणजे हे सोसून झाल्यावर तू माझ्याकडे आलीस."

"मला खरं जुनं कापड हवं होतं. लोकांच्या डोळ्यांसमोरचं. संग्रहालयांनी नकार दिला, तीन ठिकाणी. तुझ्या गावानं दिलं, कारण तू मध्ये होतीस." तिनं डुल्सिनकडे थेट पाहिलं. "आणि खरं सांगू? पुढच्या दहा वर्षांत तू तो झगा ब्रशनं झाडून डबीत भरला असतास. आता तो आणखी तीनशे वर्षं राहील. कोणाचं काय वाईट झालं?"

"डाग जाणार आहे का?"

"लोहामुळे तिथं वेग कमी आहे. पण जाईल. रक्त म्हणजेही प्रथिनच. ते तोडून तेच मणी पुढे वापरले जातात." ती जरा पुढे झाली. "तुला हवं तर आयला असं सांग, मिंगेल कुठं गेला नाही. तो आता सगळ्या झग्यात विणला गेलाय. आणि हे खोटं नाहीये, रसायनशास्त्राच्या दृष्टीनं तसंच आहे."

"आयचं नाव घेऊ नकोस."

"तुला सांगितलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"म्हणूनच नाही सांगितलं."

डुल्सिन दारापर्यंत गेली. भांडायचं म्हणून बसमध्ये तिनं मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता तिला आठवेना. "मला फसवायचं असतं तर कुणीही फसवलं असतं, वैजू," ती म्हणाली. "पण बाटलीवर लिहिताना तुझा हात थांबला नाही?"

वैजूनं शालूची घडी घालायला सुरुवात केली.

*

परतल्यावर डुल्सिननं पेटीतली हवा कोरडी केली. झग्याचा इंचन् इंच मोजला आणि कागदावर आकृती काढली. पावसाळी हवेत झपाट्यानं पालटून अख्खा झगा आता लहान मुलाच्या वयाचा झाला होता. फक्त डाव्या खांद्यावर, डागाच्या मध्यावर, पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा अजून जुना होता. तोही कडेनं आक्रसत होता. कोरड्या हवेत तो फार तर हिवाळाभर टिकला असता. त्याला झग्यापासून अलग केलं तरी विकर त्याच्या आतही शिरलेलं होतंच. वाचवण्याचा रस्ता तिला कुठूनही सापडेना.

फादर जॉसलिननी सगळं ऐकून घेतलं. बाहेर फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी खिडकी लावली.

"हे लोकांना सांगायलाच हवं का?" त्यांनी विचारलं.

"फादर?"

"म्हणजे बघा, डुल्सिनबाई. लोक झग्यासमोर प्रार्थना करतात. आजाऱ्याला घेऊन येतात. त्यांना धीर मिळतो. मिस्सामध्ये भाकरीचं रूप तेच राहतं आणि सत्त्व बदलतं, असं आपण रोज मानतो ना? मग इथंही रूप तेच आहे."

"तिथं देव बदलतो, अशी आपली श्रद्धा आहे," डुल्सिन म्हणाली. "इथं वैजयंती सोहोनीनं बदललंय. तेही न विचारता."

फादरांचा चेहरा पडला. ते वाईट माणूस नव्हते. झग्यामुळे चर्चला पुन्हा गर्दी होऊ लागली होती, तरुण मुलं येऊ लागली होती. ते सगळं त्यांना डोळ्यांसमोर विरताना दिसत असावं. "थोडे दिवस द्या मला," ते म्हणाले.

"मी मांडवात उभं राहून शब्द दिला होता. तो खोटा ठरला, हेही मांडवातच सांगेन. तुम्ही नाही म्हणालात तर दाराबाहेर उभी राहून सांगेन."

ती उठून बाहेर आली. धर्मगुरूंशी अशा आवाजात ती आयुष्यात बोलली नव्हती.

पण मांडवाच्या आधी आय होती.

नातालबाय ओसरीवर केळीची पानं पुसत बसली होती. वय बहात्तर, कान तल्लख, गुडघे गेलेले. डुल्सिन तिच्या शेजारी खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. विकर म्हणजे काय ते सांगितलं, वय कसं उतरलं ते सांगितलं. बाटलीतल्या पाण्याचंही सांगितलं. मिंगेल सगळ्या झग्यात विणला गेलाय, हे वैजूचं वाक्य मात्र ओठांपर्यंत येऊन तिनं गिळलं. ते खरं असेलही. पण ज्या तोंडातून ते आलं होतं, त्या तोंडचं काही आयच्या हातात द्यायला ती तयार नव्हती.

नातालबायनं हातातलं पान पुसून बाजूला ठेवलं.

"म्हणजे आपला डाग संपला."

"थोडा आहे. नखाएवढा. पण राहणार नाही, आय. माझी चूक झाली."

"तुझी कसली." नातालबायनं दुसरं पान घेतलं, पण ते पुसलं नाही. "वैजूला ठाऊक होतं?"

"होय."

"आपल्याकडे आली त्या दिवशी?"

"होय."

"त्या दिवशी ती माझ्या हातचं जेवली, गो." नातालबायचा आवाज चढला नाही. "मी तिला दोनदा वाढलं. डागाला शिवणार नाही म्हणाली आणि मग ताट पुढं केलं."

डुल्सिनला रडू आलं ते तेव्हा. पुण्यात आलं नव्हतं, फादरांपुढे आलं नव्हतं. नातालबाय तिच्या पाठीवर हात ठेवून बसली आणि स्वतः रडली नाही. मग तिनं विचारलं, "तो नखाएवढा आहे, तो अजून मिंगेलच आहे ना?"

"हो. तेवढा तोच आहे."

"आणि तसाच ठेवला, तर?"

"तोही नवा होईल. ख्रिसमसच्या पुढंमागं."

"मग तो आहे तोवर त्याला पुरू या, बाय. माणसाला माणूस असताना माती द्यावी."

*

मांडवातली सभा वाईट झाली. डुल्सिननं उभं राहून सांगितलं. लोकांनी ऐकलं आणि मग बोलले. कुणी तिला वेडी म्हणालं. कुणी म्हणालं, चांगला झाला होता झगा, ही कशाला बोलली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, तुम्ही शिकलेली माणसं एकमेकांना तरी खरं सांगता का? नातालबाय तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती. शेवटी फादर जॉसलिन उठले. ते फार बोलले नाहीत. मृतांच्या दिवशी सकाळी मिंगेलचा दफनविधी होईल, यायचं त्यांनी यावं, एवढंच त्यांनी जाहीर केलं.

आदल्या दिवशी दुपारी डुल्सिननं झगा टेबलावर घेतला. खिडकीतून चांगला उजेड येत होता. आयुष्यभर तिनं जुन्या कापडाला आधार दिला होता, जाळीचं अस्तर लावलं होतं, सुटलेला धागा पुन्हा जागेवर टेकवला होता. कापलं कधीच नव्हतं. श्वासाचा दमटपणा झग्याला लागू नये म्हणून नाकातोंडावर फडकं बांधून फादर जॉसलिन दाराशी उभे होते.

"मी थांबू का?" त्यांनी विचारलं.

"थांबा."

तिनं कात्री लावली. भोवतालचं नवं रेशीम चिवट होतं, ते पात्याला अडवत होतं. मधला जुना तुकडा सुटताना मात्र काहीच आवाज झाला नाही. तिनं तो सुती कपड्यात घेतला आणि डब्यात ठेवला. झग्याच्या खांद्याला भोक पडलं. ते तिनं शिवलं नाही. फादरांनीही शिवा म्हटलं नाही. पुढे झगा पुन्हा काचेमागे लागला तो त्या भोकासकट, खाली पाटी होती: रेशीम याच वर्षीचं, कलाबतू तीनशे वर्षांपूर्वीची.

दफनाला तिला वाटली होती त्याहून जास्त माणसं आली. खड्डा हातभर खोल होता. फादरांनी मृतांसाठीच्या प्रार्थना म्हटल्या, मिंगेलचं नाव घेतलं, पवित्र पाणी शिंपडलं. नातालबायला दोघांनी धरून खाली बसवलं. तिनं डबा आपल्या हातानं आत ठेवला.

लोक एकेक मूठ माती टाकत होते तेव्हा डुल्सिनला फाटकाशी वैजू दिसली. पांढरा सलवार-कुडता, हातात काही नाही. तिला कुणी बोलावलं नव्हतं. कुठून कळलं कोण जाणे. पुण्याहून यायचं तर ती पहाटेच निघाली असणार.

डुल्सिन फाटकापर्यंत गेली.

"झग्यावरचं सगळं संशोधन मी मागे घेतलंय," वैजू म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "शालूचंही सांगितलं संस्थेला. तुला ते सांगायला आले नाहीये. मी आत येऊ?"

"ते मी नाही ठरवणार. आयला विचार."

वैजू कबरींमधून चालत गेली. तिला बघून लोक बाजूला झाले, जरा जास्तच. ती नातालबायसमोर उकिडवी बसली. नातालबायनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. वीस वर्षांपूर्वी वसतिगृहातून पिशवी घेऊन आलेल्या पोरीकडे बघत असावी तशी.

"माती टाक," नातालबाय म्हणाली. "टाक आणि जा, बाय. आज घरी येऊ नकोस."

वैजूनं मूठभर माती घेतली आणि खड्ड्यात टाकली. हात तसाच मातीचा ठेवून ती उठली. डुल्सिन तोवर खड्ड्याशी परत आली होती. ती गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी कडेची माती आत ओढू लागली. मागून फाटकाची कडी वाजली, मग चपलांचा आवाज रस्त्यावर दूर दूर जात राहिला. डुल्सिननं मान वर केली नाही. केली असती तर तिनं हाक मारली असती, एवढं ती स्वतःला ओळखत होती.